आधी मार, मग केस धर

ह्या सगळ्यात जे काही भलं झालं ते अण्णांनी केलं. हे पहिल्यांदाच लिहून टाकतो, कारण पुढं गेल्यावर माझा हात अडखळेल. अण्णा म्हणजे आमच्या कारखान्यातले लेथवरचे टर्नर, जातीनं मराठा आणि पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज घोड्यांबरोबर इकडं आले आणि परत जायचं विसरले, असं ते सांगत. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कानडी इतकं कालवलेलं की पहिला आठवडाभर मला निम्मंच कळे. सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणे, त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणू लागलो. माझं त्यांच्याशी ना नातं होतं, ना गावकी.

मी माणदेशाकडचा. आमच्याकडं प्यायचं पाणी दोन मैलांवरून आणत, पोहायचं कशात? शाळा सहावीत सुटली. मास्तरांनी रूळ हाणला, बोटाचं नख उडालं, आणि मी त्यांना ढकललं. ते फळ्यावर जाऊन आदळले. त्या दिवशी बापानं मला कासऱ्यानं फोडून काढलं, पण शाळेनं काही परत घेतलं नाही. सतराव्या वर्षी पत्रे बसवणाऱ्या टोळीबरोबर बंगळूरला आलो. तेव्हा राज्याला म्हैसूर म्हणत, आणि कारखान्याच्या भिंतीपासून के. आर. पुरमच्या रुळांपर्यंत नुसती नाचणीची रानं होती. पत्रे बसले, टोळी परत गेली, मी हंगामी मजूर म्हणून राहिलो. दर तीन महिन्यांनी फाटकावर नावं वाचत. ज्याचं नाव येत नसे त्यानं ट्रंक उचलायची आणि स्टेशन गाठायचं. घरी जाऊन सांगणार काय?

अशात कारखान्यानं स्वतःचं आगबंबाचं पथक काढायचं ठरवलं. सुरक्षेचे साहेब लष्करातून आलेले होते. सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणत. त्यांनी जाहीर केलं की पथकात आठ माणसं कायम नोकरीवर घेणार, सर्टिफिकेट बघणार नाही, शर्यत लावणार. कारखान्यामागचं तळं पोहून पार करायचं, तिथून सायकलनं मोठ्या रस्त्यावरून फाटकापर्यंत यायचं, मग कारखान्याच्या भिंतीभोवती पळत दोन फेऱ्या मारायच्या. पहिले आठ आत, बाकीचे आपापल्या कामाला. सर्टिफिकेट बघणार नाही, एवढंच मी ऐकलं.

कारकुनानं विचारलं, "पोहता येतं?"

"येतं," मी म्हणालो. "लहानपणापासून."

कॅन्टीनमध्ये हे अण्णांच्या कानावर गेलं. ते ताट घेऊन माझ्यापुढं येऊन बसले. ओळख एवढीच होती की महिन्याभरापूर्वी माझ्या पायावर पत्रा पडला तेव्हा मी मराठीत शिवी हासडली होती आणि ती ऐकून ते लांबून हसले होते.

"माणदेशात समुद्र कधी आला रे?" त्यांनी विचारलं.

मी ताट उचलून उठायला लागलो.

"सहा आठवडे आहेत. बुडून मरशील, मग तुझ्या आईला पत्र कोण लिहिणार? मला मराठी अक्षरं येत नाहीत. रविवारी ये. पहिली पाळी सुटली की इतर दिवशीही ये."

बनशंकरीच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर अण्णांच्या मेहुण्याचा फुलांचा मळा होता. तिथं मोठी गोल विहीर, दगडानं बांधलेली, एका अंगाला पायऱ्या. अण्णांनी पांगाऱ्याच्या सुक्या लाकडाची सांगड माझ्या पाठीला बांधली, दोरी काचेपर्यंत आवळली, आणि मी देवाचं नाव घेत असताना मागून लाथ घातली.

त्या लाकडानं मला वर ठेवलं खरं, पण मला ते पटत नव्हतं. मी पायरीचा दगड दोन्ही हातांनी धरला. अण्णांच्या हातात ओली वेताची छडी होती. बोटांवर सपकन बसली.

"सोड!"

"अण्णा, बुडतो!"

"बूड. स्वल्प बुडलास म्हणून काय झालं?" दुसरी बसली. "दगड काय पोहायला आलाय इथं? सोड!"

पहिल्या रविवारी चार बोटांची सालं निघाली. अक्कांनी हळद भरली आणि नाचणीचा उंडा पुढं ठेवत म्हणाल्या, "ह्यांना मुलगा नाही, म्हणून परक्याच्या लेकराला बडवतायत." अण्णा आतून म्हणाले, "असता तर त्यालाही बडवलं असतं. वाढ त्याला आणखी."

तिसऱ्या आठवड्यात सांगड सुटली. मी हातपाय आपटत विहिरीच्या भिंतीकडेनं गोल फिरू लागलो. भिंत नेहमी उजव्या हाताला. दम गेला तर हात टेकता यावा म्हणून अण्णांनीच तशी सवय लावली. वीस फेऱ्या, मग तीस, मग पन्नास. पाण्यात डोळे उघडायची मला भीती वाटे, आणि विहिरीत ते उघडायची गरजही नव्हती. उजव्या कोपराला दगड घासला की समजायचं, आपण नीट चाललोय. ह्यात काही चुकतंय हे मला कळलं नाही, आणि जन्मभर त्याच विहिरीत पोहलेल्या अण्णांनाही कळलं नाही.

पाचव्या आठवड्यात अण्णा स्वतः पाण्यात उतरले. "आता मी बुडतो," म्हणाले, आणि माझ्या मानेला मिठी मारून मला खाली दाबलं. मी धडपडलो, पाणी प्यालो, वर आलो, तर पुन्हा दाबलं. शेवटी त्यांनी मला भिंतीला लावून धरलं.

"बुडणारा माणूस माणूस राहत नाही. तो शिडी शोधतो. तळ्यात वीस-पंचवीस जण असणार, निम्मे तुझ्यासारखेच खोटं बोलून आलेले. एकानं जरी धरलं तरी दोघं जाल. नाकावर मार. तो सोडतो."

"तुम्हाला कसं मारू?"

त्यांनी माझ्या थोबाडीत ठेवून दिली. "मी काय तुझा सासरा आहे? मार!"

पुन्हा त्यांनी मिठी मारली, पुन्हा पाण्याखाली गेलो, आणि ह्या वेळी मी कोपर फिरवलं. अण्णांच्या नाकातून रक्ताची धार लागली. ते हसायला लागले. "सरी, बरोबर! आता अर्धं काम झालं. आता सोडून पळायचं नाही. मागं ये. मागून केस धर, तोंड वर ठेव, ओढत ने. आधी मार, मग केस धर. दोन्ही मिळून एक काम आहे, समजलं?"

"तुम्हाला केसच नाहीत, अण्णा."

"मग कान धर, गाढवा."

त्या दिवशी मी त्यांना सात वेळा मारलं आणि सातही वेळा कान धरून पायरीपर्यंत ओढून आणलं. सातव्या वेळी ते म्हणाले, "आता येतं तुला." हे वाक्य ध्यानात ठेवावं अशी वाचणाऱ्याला विनंती आहे.

शर्यतीच्या सकाळी तळ्याच्या काठावर सव्वीस जण चड्ड्यांवर उभे होतो. मागं बांधावर प्रत्येक खात्याची माणसं जमली होती. फाउंड्रीवाले सगळ्यांत जास्त, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारे. त्यांचा माणूस गरडीतला, म्हणजे तिकडच्या तालमीतला पहिलवान होता. मांड्या खांबासारख्या. तोही हंगामीच. माझ्याकडं बघून तो हिंदीत म्हणाला, "ए मराठा, तुला कुणी वाळत घातलं होतं का रे?" सगळे हसले. मीही हसलो.

मेजरसाहेबांनी हवेत बार काढला.

पोहणं म्हणजे पाणी कापत जाणं असं मला वाटत होतं. ते नव्हतं. ती मारामारी होती. सव्वीस माणसं एकदम चिखलात घुसली, एकमेकांच्या पाठीवर चढली. कुणाची तरी टाच माझ्या तोंडावर बसली आणि पुढचा दात जिभेवर आला. तो मी रक्ताबरोबर थुंकला. कुणी चड्डी ओढली, कुणी बरगडीत गुडघा घातला. मीही घातला. कुणाला ते माहीत नाही. पुढच्या माणसाचा पाय हाताला लागला तसा मी तो धरून मागं खेचला आणि त्याच्या अंगावरून गेलो. ह्याची मला तेव्हा लाज वाटली नाही.

खोल पाणी आलं तशी गर्दी फुटली. माझे डोळे मिटलेले होते. उजव्या कोपराला भिंत लागत नव्हती, म्हणून अंग भिंत शोधत राहिलं आणि सवयीनं डावीकडं वळत राहिलं. बांधावरून आरडाओरडा ऐकू येत होता, मला वाटलं कौतुक चाललंय. नंतर कळलं, लोक पोट धरून हसत होते. सगळे समोरच्या काठाकडं निघाले होते आणि मी तळ्याच्या मध्यात विहीर काढत होतो.

त्या गोल वाटेत मी आडवा गेलो तो नेमका पहिलवानाच्या. डोक्याला डोकं आपटलं. मी डोळे उघडले. त्याचं तोंड उघडं होतं, आत पाणी जात होतं, आणि त्याच्या डोळ्यांत काही ओळख उरली नव्हती. तोही खोटं बोलून आलेला होता. तोवर नुसत्या ताकदीवर तरंगत आला होता. माझ्या धक्क्यानं त्याचा दम तुटला आणि तो माझ्यावर चढला.

खाली हिरवं होतं, मग काळं. त्याचे गुडघे माझ्या खांद्यांवर होते. मी कोपर मारलं, ते त्याच्या छातीला लागलं. दुसरं मारलं ते नाकावर. पाण्याखालीसुद्धा हाड मोडलेलं मला कोपरात कळलं. त्याची पकड सुटली. मी वर आलो, श्वास घेतला. त्याचा पंजा माझ्या पोटरीवरून घसरत गेला, नखं ओढत. मी वळून बघितलं. पाण्यावर एक तळहात होता, उघडा, आणि भोवती लाल होत चाललेलं.

मी त्याच्या मागंच होतो. केस माझ्या हातापासून दोन हातांवर.

मी पुढं बघितलं. मोजलं. पुढं नऊ डोकी होती.

समोरच्या काठावर सायकलींपाशी उभ्या असलेल्या अण्णांचा आवाज आला. इतक्या गलक्यातही मला स्पष्ट ऐकू आला, कारण मराठीत ओरडणारे ते एकटेच होते. "मागं फीर! केस धर! अरे, केस धर!"

मी समोरच्या काठाकडं निघालो. ह्या वेळी डोळे उघडे ठेवले आणि सरळ गेलो.

मध्येच अण्णा माझ्या बाजूनं उलट दिशेला गेले. अंगात खाकी पँट, पायात बूट तसेच. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

काठावर सायकली ओळीनं ठेवल्या होत्या. माझी म्हणजे अण्णांचीच, काळी, जड. त्यांनीच सकाळी तेल घालून ठेवलेली. मी तिच्यावर टांग टाकली तेव्हा अण्णांनी पहिलवानाला त्याच काठावर आणलं होतं. त्याला पालथा घालून त्याच्या पाठीवर बसून ते दोन्ही हातांनी दाबत होते, पाणी काढायला. बांधावरून फाउंड्रीवाले पळत आले. त्यांना दिसलं ते एवढंच, की मराठ्याच्या पोरानं आपल्या माणसाचं नाक फोडलं आणि मराठ्याचा गुरू आता त्याच्या पाठीवर बसलाय.

पहिला बुक्का अण्णांच्या कानावर बसला. त्यांनी हात वर करून काही सांगितलं. मग दहा जण होते. एकाच्या हातात सायकलचा पंप होता, लोखंडी बुडाचा. तो वर गेलेला मी बघितला, खाली आलेला बघितला, आणि अण्णांचा उजवा खांदा विचित्र खाली लोंबलेला बघितला. तरी ते डाव्या हातानं पहिलवानाची पाठ दाबत होते.

मी पायडल मारलं.

रस्त्यावर पुढच्या एका सायकलवाल्यानं माझ्या चाकात पाय घालायचा प्रयत्न केला. मी त्याच्या छातीत लाथ घातली, तो गटारात गेला. मी रडत होतो आणि लाथा घालत होतो. फाटकाशी सायकल टाकली, अनवाणी पळालो, खडी पायात शिरली. भिंतीच्या दुसऱ्या फेरीत दोघं पोटऱ्या धरून बसले होते, त्यांच्या पुढं गेलो. मेजरसाहेबांच्या माणसानं माझ्या छातीवर खडूनं सात लिहिला.

संध्याकाळी इस्पितळात गेलो. अण्णांचं गळ्याचं हाड मोडलं होतं, खांदा निखळला होता, एक कान सुजून बंद झाला होता. पलीकडच्या खाटेवर पहिलवान, नाकात कापूस घालून, घोरत.

"कितवा?" अण्णांनी विचारलं.

"सातवा."

"सरी," ते म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

आठवड्यानं मेजरसाहेबांच्या खोलीत चौकशी झाली. पंप मारणाऱ्याला काढून टाकलं होतं. आता प्रश्न माझा होता. मेजरसाहेब हिंदीत बोलत, पण शब्द शब्द टाकत, त्यामुळं मला सगळं कळलं. बुडणाऱ्याला मारलंस ते समजू शकतो, म्हणाले. लष्करात आम्हीही तेच शिकवतो. पण मग सोडून का गेलास? बंबवाला माणसाला सोडून जातो का?

मला फाटक दिसत होतं, ट्रंक दिसत होती, गावच्या एस्टीच्या थांब्यावर बसलेली माणसं दिसत होती.

पलीकडून अण्णा बोलले. हात गळ्यात बांधलेला. "साहेब, त्याला येत नाही. मी फक्त मारायचं शिकवलं."

"आणि ओढून आणायचं?"

"वेळ कमी पडला. ते शिकवायचं राहून गेलं. चूक माझी आहे."

मेजरसाहेब माझ्याकडं वळले. "हे खरं?"

"हो साहेब," मी म्हणालो.

पथकाला पोहणं शिकवायचं काम अण्णांना मिळणार होतं. मेजरसाहेबांनी ते आधीच कबूल केलं होतं, अक्कांनी शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. अर्धं शिकवणाऱ्याला ते कोण देणार? दुसऱ्या कुणाला दिलं. खांदा जुळला, पण हात छातीच्या वर जाईना, म्हणून लेथही गेला. अण्णांना स्टोअरमध्ये बसवलं. माझ्या अंगावर खाकी सदरा आला, पितळी बटणांचा.

काही दिवसांनी धीर करून मी त्यांना विचारलं, "अण्णा, असं का सांगितलंत?"

ते खिळ्यांची पेटी डाव्या हातानं सारखी करत होते. "मग काय सांगायचं होतं? तू परत गेला असतास. आणि गोल फिरायचं मीच शिकवलं की तुला. विहिरीत सरळ रेघ नसते, हे माझ्या टकल्यात आलं नाही." पेटी बंद करून म्हणाले, "पण ओरडलो ते ऐकू आलं होतं ना?"

"आलं होतं."

"बरं," म्हणाले. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. अक्कांनीही नाही, पण त्या दिवसापासून त्या मला वाढताना माझ्या तोंडाकडं बघत नाहीत.

पहिलवानाला नंतर फाउंड्रीनंच कायम केलं. नाक वाकडंच राहिलं. भेटला की म्हणतो, "तुझ्यामुळं मला सगळं जग डावीकडं दिसतं." आणि बिडी पुढं करतो. त्याला पाण्यातलं काही आठवत नाही. कुणी वाचवलं हे त्याला ठाऊक आहे, दरवर्षी दसऱ्याला तो अण्णांच्या पाया पडायला जातो. मी दोन हातांवरून जाणूनबुजून निघून गेलो हे त्याला ठाऊक नाही. तो समजतो, माझं शिकणं अर्धं राहिलं होतं.

ह्या दहा वर्षांत मी दोन माणसं विहिरीतून आणि एक म्हातारी खाणीच्या पाण्यातून काढली. तिघांनाही मारलं, तिघांचेही केस धरले. लोकांनी पाठ थोपटली, साहेबांनी नाव घेतलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता हे बोलावं. प्रत्येक वेळी पगाराची नोकरी, लग्न, गावाकडं धाडायचं पत्र, काही ना काही आड आलं. भित्रा माणूस कारणं कमी पडू देत नाही.

हे मी आपल्या अक्षरांत लिहिलंय. अण्णा मराठी बोलतात पण वाचतात कानडी, आणि लिहायला बसलो तेव्हा त्याचा मला आधार वाटला हेही कबूल करतो. थोड्याच दिवसांत ते निवृत्त होणार आहेत. त्याआधी एक दिवस मी पहिलवानाला सोबत घेईन, अण्णांना स्टोअरमधून उठवून आणीन, आणि मेजरसाहेबांच्या समोर उभं राहून माझ्या तोंडानं सांगेन, की ह्या माणसानं मला पुरतं शिकवलं होतं, सात वेळा करून घेतलं होतं, आणि मला येत असून मी ते केलं नाही. मग सदरा उतरवून ठेवायला सांगितला तर उतरवून ठेवीन. अण्णांचं गेलेलं काम परत मिळणार नाही, हातही वर जाणार नाही. पण त्यांचं शिकवणं अर्धं नव्हतं, एवढं तरी मी त्यांना परत देणार आहे. देणारच.